फिजिओ, ऑक्युपेशनल थेरपी (ओटी), स्पीच थेरपी: डिग्रीचा खर्च वसूल होतो का, हिशोब कसा मांडायचा

ॲडमिशनचा सीझन आला की "फिजिओला स्कोप आहे का" हा प्रश्न हमखास येतो आणि त्याला उत्तरं दोनच मिळतात. एक, "प्रचंड स्कोप, फॉरेनला तर विचारूच नका". दुसरं, "काही नाही हो, आयुष्यभर डॉक्टरांच्या चिठ्ठीची वाट बघायची". दोन्हीत आकडा नाही म्हणून दोन्हीचा उपयोग शून्य. खाली मी जे लिहितोय ते कागद, पेन आणि मोबाईलमधला कॅल्क्युलेटर घेऊन वाचा. मी धरलेले आकडे निव्वळ मांडणी समजावी म्हणून धरलेत, कुठल्या एका गावाचे किंवा कॉलेजचे नाहीत, चलनही तुमचं जे असेल ते धरा, आणि स्वतःचे आकडे टाकून परत मांडा.

आधी "स्कोप" हा शब्द बाजूला ठेवा

रिहॅबची, म्हणजे आजार किंवा इजेनंतर शरीर परत कामाला लावणाऱ्या थेरपीची, गरज जगात प्रचंड आहे, याबद्दल वाद नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार सुमारे २४० कोटी लोकांची तब्येत अशी आहे की त्यांना रिहॅबिलिटेशनचा फायदा होईल, आणि काही कमी-मध्यम उत्पन्नाच्या देशांत दर १० लाख लोकांमागे प्रशिक्षित माणसं १० सुद्धा नाहीत. कॉलेजच्या सेमिनारमध्ये असेच आकडे स्क्रीनवर येतात आणि पालक खूश होतात. पण गरज असणं आणि त्या गरजेचे पैसे कोणीतरी देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. स्ट्रोकनंतर सहा महिने थेरपी लागणारा पेशंट तिसऱ्या आठवड्यात यायचा बंद होतो, तो बरा झाला म्हणून नाही तर दर वेळचे पैसे आणि सोबत येणाऱ्या माणसाची सुट्टी परवडत नाही म्हणून.

म्हणून पहिला प्रश्न हा विचारा की तुम्हाला जिथे काम करायचंय तिथे सेशनचे पैसे कोण देतं? पेशंट खिशातून, इन्शुरन्स, सरकार, की हॉस्पिटलच्या पॅकेजमध्येच ते धरलेले असतात? याच्यावर पगार ठरतो, डिग्रीवर नंतर. अमेरिकेचं उदाहरण बघा. १ ऑक्टोबर २०१९ ला मेडिकेअरने (तिथला मुख्यतः वयस्कर लोकांसाठीचा सरकारी आरोग्य विमा) स्किल्ड नर्सिंग फॅसिलिटींना, म्हणजे हॉस्पिटलनंतर नर्सिंग आणि थेरपी देणाऱ्या केंद्रांना, पैसे द्यायची पद्धत बदलली. आधी थेरपीची मिनिटं वाढली की मिळणारी रक्कम वाढायची, नव्या पद्धतीत ती पेशंटच्या एकूण स्थितीवरून ठरायला लागली. म्हणजे थेरपीची मिनिटं, जी काल कमाईच्या बाजूला होती, ती एका रात्रीत खर्चाच्या बाजूला गेली आणि बऱ्याच ठिकाणी थेरपिस्ट लोकांचे तास कापले गेले, नोकऱ्या गेल्या. त्यांची डिग्री तीच, हातातलं स्किलही तेच. पुढे २०२२ पासून थेरपिस्टच्या हाताखालच्या असिस्टंटने दिलेल्या थेरपीला मेडिकेअर ८५ टक्केच दर देऊ लागलं. तुमच्याकडे मेडिकेअर नसेल पण पैसे देणारा कोणीतरी असेलच, त्याचे नियम काय आहेत ते ॲडमिशनच्या आधी माहीत पाहिजेत.

कुठली डिग्री, किती वर्षं, आणि मान्यता कोणाची

फिजिओथेरपी, ऑक्युपेशनल थेरपी म्हणजे ओटी (रोजची कामं स्वतः करता यावीत म्हणून), स्पीच-लँग्वेज आणि ऑडिओलॉजी (बोलणं आणि ऐकणं), प्रोस्थेटिक्स-ऑर्थोटिक्स (कृत्रिम हातपाय आणि आधाराचे पट्टे), हे सगळं लोक एकाच टोपलीत टाकतात पण यांची फी, वर्षं, नोकरी मिळायची जागा सगळं वेगळं. फिजिओला सीट्स जास्त म्हणून स्पर्धाही जास्त. ओटी आणि स्पीचला मुलांबरोबरचं काम बरंच असतं, ऑटिझम, बोलण्यात उशीर, शाळा, चाइल्ड डेव्हलपमेंट सेंटर वगैरे, आणि तिथे एकच मूल महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षं येत राहतं. कमाईच्या दृष्टीने ही फार महत्त्वाची गोष्ट आहे, कारण गुडघेदुखीचा पेशंट दहा सेशननंतर जातो आणि मग नवा शोधावा लागतो.

वर्षांचा फरकही बघा. भारतात बीपीटी (फिजिओची बॅचलर डिग्री) म्हणजे आतापर्यंत चार वर्षं अधिक सहा महिने इंटर्नशिप असं चालत आलंय. अमेरिकेत फिजिओ व्हायचं तर आधी एक बॅचलर डिग्री आणि त्यावर साधारण तीन वर्षांचं डॉक्टरेट, म्हणजे खर्चाची उडीच वेगळी. तिथेच फिजिकल थेरपिस्ट असिस्टंट दोन वर्षांच्या असोसिएट डिग्रीवर होता येतं. पगार कमी, पण घातलेले पैसेही खूप कमी, त्यामुळे टक्केवारीत तो रस्ता कधीकधी सरस ठरतो हे कोणी बोलत नाही.

मान्यतेचं काम दहा मिनिटांचं आहे पण ते कराच. भारतात स्पीच-ऑडिओलॉजी आणि प्रोस्थेटिक्सला आरसीआय (भारतीय पुनर्वास परिषद), फिजिओ-ओटीसाठी २०२१ च्या कायद्याने आलेला अलाइड हेल्थचा राष्ट्रीय आयोग आणि राज्यांच्या कौन्सिल, अमेरिकेत फिजिओसाठी कॅप्टी (कोर्सना मान्यता देणारी संस्था), ब्रिटनमध्ये नोंदणी एचसीपीसी या नियामक संस्थेकडे. ओटी करून पुढेमागे देश बदलायचा विचार असेल तर कोर्स डब्ल्यूएफओटी (ओटीवाल्यांचा जागतिक महासंघ) मान्य आहे का बघा, त्यांच्या निकषात किमान १००० तासांचं फील्डवर्क आहे. मान्यता कॉलेजच्या माहितीपत्रकात नाही, त्या-त्या संस्थेच्या यादीत शोधायची. "प्रक्रिया सुरू आहे" असं उत्तर आलं की ते "मान्यता नाही" असंच धरायचं.

खर्च: फी हा त्यातला फक्त दिसणारा भाग

आता कागद घ्या. फी दर वर्षी दीड लाख, चार वर्षांची, म्हणजे सहा लाख. इंटर्नशिपची फी वेगळी घेतात का, स्टायपेंड मिळतो का आणि खरोखर हातात पडतो का, हे विचारा. फी दर वर्षी वाढते का हे पण विचारा, कारण पहिल्या वर्षाचाच आकडा चारने गुणून लोक मोकळे होतात.

मग राहण्याचा खर्च, पण तो पूर्ण धरू नका. जेवण तर घरीही असतंच, त्यामुळे हॉस्टेल-मेसमुळे *जास्तीचा* किती तेवढाच. समजा वर्षाला ८० हजार, साडेचार वर्षांचे ३ लाख ६० हजार. मग फुटकळ वाटणारी गोष्ट जी फुटकळ नसते: पुस्तकं, ॲप्रन, गोनिओमीटर-हॅमर-स्टेथोस्कोप, वेगवेगळ्या हॉस्पिटलच्या पोस्टिंगला जायचा प्रवास, परीक्षा फी, वर्कशॉप, शेवटी कौन्सिलची नोंदणी. याला ६० हजार धरू. बेरीज १० लाख २० हजार.

आता जो खर्च कोणी लिहीतच नाही तो, म्हणजे या काळात तुम्ही दुसरं काय केलं असतं. बारावी झालेल्या मुलाने याची तुलना "लगेच नोकरी"शी करायची नाही, कारण तो काहीतरी डिग्री करणारच होता. त्याने तुलना करायची तीन वर्षांच्या एखाद्या दुसऱ्या डिग्रीशी. ती घरी राहून दोन लाखांत झाली असती आणि त्यानंतर दीड वर्ष आधी १८ हजारांची नोकरी लागली असती असं धरलं, तर थेरपीच्या डिग्रीचा *जादा* खर्च ८ लाख २० हजार अधिक बुडालेला पगार ३ लाख २४ हजार, म्हणजे जवळपास साडेअकरा लाख. तिशीच्या आसपास नोकरी सोडून या लाइनला येणाऱ्यांचं गणित मात्र पूर्ण वेगळं, त्यांचा सगळाच पगार बुडतो आणि पुढे कमवायची वर्षंही कमी उरतात. त्यांच्यासाठी हाच आकडा फीपेक्षा मोठा निघतो बऱ्याचदा.

लोन घेणार असाल तर इथे नीट बसा

पूर्ण सहा लाख फी लोनवर, व्याज १० टक्के, आणि कोर्स अधिक एक वर्ष हप्ता नाही, असं समजू. हप्ता नाही म्हणजे व्याज नाही असा बऱ्याच जणांचा समज असतो. पहिल्या वर्षी उचललेल्या दीड लाखावर साडेपाच वर्षं व्याज चढतं, दुसऱ्या वर्षीच्यावर साडेचार, मग साडेतीन, अडीच. साधं व्याज धरलं तरी २ लाख ४० हजार होतात, म्हणजे पहिला हप्ता भरायच्या आधीच सहाचे ८ लाख ४० हजार. व्याज मुद्दलात मिळवत जाणारी बँक असेल तर अजून जास्त.

आता एक आकडा लिहून ठेवा, कायम कामाला येईल. १० टक्के व्याजाने दर १ लाखाला १० वर्षांसाठी महिन्याचा हप्ता साधारण १,३२२ बसतो आणि ७ वर्षांसाठी १,६६०. म्हणजे ८.४ लाखाला १० वर्षांचा हप्ता सुमारे ११,१०० आणि एकूण परतफेड १३ लाख ३० हजारांच्या घरात. सात वर्षांत फेडलं तर हप्ता १३,९०० च्या वर जातो पण एकूण ११ लाख ७० हजारांत सुटका.

पहिली नोकरी हातात २२ हजारांची लागली तर ११,१०० म्हणजे अर्धा पगार गेला. हे जमत नाही, आईवडील हप्ता भरतात आणि बाहेर "मुलगी सेटल झाली" असं सांगतात, असं बऱ्याच घरांत चाललेलं असतं. माझ्या मते पहिल्या पगाराच्या १५ टक्क्यांपर्यंत हप्ता असेल तर निवांत, २५ च्या पुढे गेला तर दमछाक. ॲडमिशनच्या आधी उलटा हिशोब करा: २२ हजारांचे २५ टक्के म्हणजे ५,५००, म्हणजे कोर्स संपल्यावरचं कर्ज ४ लाखांच्या थोडं वर असेल तेवढंच झेपणार, आणि त्याचा अर्थ सुरुवातीला उचलायचे जेमतेम तीन लाख. उरलेले कुठून येणार याचं उत्तर नसेल तर ते कॉलेज तुमच्या बजेटचं नाही. आणि जमत असेल तर कोर्स चालू असताना आणि पुढच्या त्या एका वर्षातही नुसतं व्याज भरत राहा, या उदाहरणात त्याने २ लाख ४० हजार मुद्दलावर चढतच नाहीत.

कमाई: सरासरी विचारू नका

"ॲव्हरेज सॅलरी किती" याचं उत्तर काहीही येऊ शकतं कारण त्यात वीस वर्षं प्रॅक्टिस केलेला पण असतो. तुम्हाला लागते ती दोन-तीन वर्षांपूर्वी पास झालेल्यांची कमाई, तीही मधल्या नंबरच्या माणसाची, टॉपरची नाही. कॉलेजला विचारण्यापेक्षा त्या बॅचच्या सात-आठ जणांना थेट मेसेज टाका. विचारायचं काय, तर: पहिला जॉब किती महिन्यांनी लागला, महिन्याला *हातात* किती येतात, रोज किती पेशंट बघावे लागतात, सही करताना बॉन्ड किंवा डिपॉझिट होतं का, बरोबरच्या मुलांपैकी किती जणांनी लाइन सोडली. शेवटचा प्रश्न विसरू नका. लाइन सोडलेली माणसं कॉलेजच्या फोटोत नसतात पण हिशोबात धरावीच लागतात. आणि "शंभर टक्के प्लेसमेंट"मध्ये पाच हजारांची ट्रेनीशिप पण मोजतात का, हे हसत हसत विचारून घ्या, समोरच्याचा चेहरा बघून कळतं.

दुसरी गोष्ट, या व्यवसायात कमाईचा आलेख सुरुवातीला चढतो आणि मग सपाट होत जातो. का, तर थेरपिस्ट स्वतःचा वेळ विकतो. दिवसात अर्ध्या तासाचे सोळा स्लॉट असतील तर सतरावा पेशंट घेता येत नाही. फी वाढवणं, ग्रुप सेशन, खाली माणसं ठेवणं, शिकवणं, याशिवाय वर जायला जिना नाही. त्यात फिजिओचं काम अंगमेहनतीचं, पेशंट उचलणं, बेडवरून खुर्चीत बसवणं, मॅन्युअल थेरपीत, म्हणजे हाताने दाबून करायच्या उपचारात, अंगठ्यावर येणारा जोर, कंबर आणि अंगठे दुखणं ही या लोकांची नेहमीची तक्रार आहे. त्यामुळे "तीस वर्षं अशीच कमाई" हे गृहीत धरू नका, पन्नाशीत कामाचा प्रकार बदलावा लागेल असं धरून चाला.

तासाला किती पडतात ते काढा

हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. महिन्याचा पगार फसवतो, तासाचा दर सहसा फसवत नाही.

नोकरी: हातात २२ हजार, २६ दिवस, रोज ९ तास, म्हणजे २३४ तास. तासाला ९४ रुपये, डॉलर, जे असेल ते.

दुसऱ्याच्या क्लिनिकमध्ये पर्सेंटेजवर: अर्ध्या तासाच्या सेशनला ३५०, तुम्हाला ६० टक्के म्हणजे २१०. दोन सेशन झाली तर तासाला ४२०, वा! पण स्लॉट सगळे भरत नाहीत, पावसात पेशंट येत नाही, सणात येत नाही, बरं वाटलं की येत नाही. ७० टक्के भरले असं धरा, २९४ झाले.

होम व्हिजिट: ६०० फी ऐकायला भारी वाटते. ४५ मिनिटं सेशन, जाण्यायेण्यात ४० मिनिटं, नोट्स लिहायला आणि नातेवाईकांना व्यायाम समजावायला ५ (ही ५ मिनिटं कधीच ५ नसतात), असे दीड तास. पेट्रोलचे ६० वजा केले तर ५४० भागिले दीड, तासाला ३६०. तेच तीन पेशंट एकाच सोसायटीच्या आसपास असले, प्रवास १५ मिनिटांवर आणि पेट्रोल २५ वर आलं, तर हाच दर ५३० च्या आसपास जातो. म्हणजे फी एका पैशानेही न वाढवता कमाई जवळपास दीडपट. लांबच्या एका व्हिजिटसाठी "हो" म्हणण्याआधी हे आठवा.

स्वतःचं क्लिनिक: भाडं, मदतनीस, लाइट, मशीनचे हप्ते मिळून महिन्याला ४५ हजार पक्का खर्च, आणि ३५० च्या सेशनमधून किरकोळ सामानाचे २० वजा जाऊन ३३० उरतात असं धरू. नुसतं शून्यावर यायला १३७ सेशन लागतात, म्हणजे दिवसाला पाच-सव्वापाच. स्वतःला ३० हजार सुटायला हवेत तर २२८, दिवसाला जवळपास नऊ. हे नऊ पेशंट पहिल्या दिवसापासून येणार नाहीत, म्हणून सहा ते आठ महिन्यांचा पक्का खर्च बाजूला असल्याशिवाय शटर उघडू नये. इतकी मशीनं घेऊन ठेवतात लोक आणि त्यातली निम्मी कापडाखाली झाकलेली असतात, तर सुरुवातीला बेड, बँड, वजनं, टेन्स (हलक्या करंटने दुखणं कमी करणारं मशीन) आणि थेरपीचं अल्ट्रासाउंड एवढ्यावर बरंच काम होतं.

नोकरीचे ९४ आणि बाकीचे ३००-५०० बघून लगेच राजीनामा टाइप करू नका. नोकरीत सुट्टीचे पैसे मिळतात, आयसीयू आणि न्यूरोचे पेशंट बघायला मिळतात, आणि पेशंट आणायची डोकेदुखी दुसऱ्याची असते. पहिली दोन वर्षं हॉस्पिटलमध्ये काढून ओळखी आणि हात तयार करणं हे मलाही पटतं, फक्त ती दोनाची सात होऊ देऊ नका.

मग वसूल कधी होतं?

वरचा साडेअकरा लाखांचा जादा खर्च घ्या. दुसऱ्या डिग्रीवाला १८ हजार कमावतोय आणि तुम्ही २२, फरक महिन्याला ४ हजार, वर्षाला ४८ हजार. या वेगाने चोवीस वर्षं लागतील, म्हणजे विषय संपला असं वाटेल. पण चौथ्या वर्षापासून फरक १५ हजारांवर गेला, क्लिनिक आणि व्हिजिट मिळून हे शक्य असतं, तर पहिल्या तीन वर्षांत दीड लाखाच्या आसपास आणि पुढे वर्षाला १ लाख ८० हजार, साडेआठ-नऊ वर्षांत पैसे सुटतात. वरच्या लोनचं सगळं व्याज धरलं तर अजून तीन-चार वर्षं जास्त. बघा, निकाल पहिल्या पगाराने लागत नाही, चौथ्या-पाचव्या वर्षी तुम्ही काय करताय त्याने लागतो. हे टेबल तीन वेळा मांडा, चांगलं, मधलं आणि वाईट, आणि निर्णय मधलं आणि वाईट बघून घ्या.

मास्टर्स करावं का

हातात २२ हजार असताना दोन वर्षं सोडली तर ५ लाख २८ हजार पगार बुडतो, फी ५ लाख धरा, एकूण १० लाख २८ हजार. मास्टर्सनंतर पगार ६ हजारांनीच वाढणार असेल तर वसुलीला चौदा वर्षं, १५ हजारांनी वाढणार असेल तर पावणेसहा. क्लिनिकमध्ये पेशंट तुमची डिग्री क्वचितच वाचतो, त्याला दुखणं कमी झालं की पुरे. पण शिकवायचं असेल किंवा मोठ्या हॉस्पिटलच्या विशिष्ट पोस्टला मास्टर्स सक्तीचं असेल तर ते दार उघडायची किल्ली आहे, तिथे पगारवाढीचा हिशोब थोडा बाजूला ठेवावा लागतो. "नोकरी लागत नाही म्हणून मास्टर्स" हे कारण मात्र सगळ्यात महाग पडतं.

परदेश वेगळ्या कागदावर

बाहेरचा पगार या हिशोबात मिसळायचा नाही, तो स्वतंत्र प्रोजेक्ट आहे आणि त्याचं बजेटही स्वतंत्र. डिग्रीचं मूल्यांकन, भाषेची परीक्षा, लायसन्सची परीक्षा, व्हिसा, आणि या सगळ्यात जाणारं वर्ष-दीड वर्ष. अमेरिकेत २०१६ पासून कॅप्टीची मान्यता फक्त डॉक्टरेट पातळीच्या फिजिओ कोर्सना आहे, त्यामुळे बाहेरची बॅचलर डिग्री घेऊन गेलेल्यांना कमी पडणारे क्रेडिट भरून काढावे लागू शकतात आणि मगच एनपीटीई, म्हणजे तिथली लायसन्सची परीक्षा. ब्रिटनमध्ये एचसीपीसीची नोंदणी झाल्याशिवाय फिजिओथेरपिस्ट हे नाव लावताच येत नाही. "दहा वर्षांनी कॅनडाला जाऊ" या भरवशावर आज दुप्पट फीचं कॉलेज घेऊ नका. जायचंच असेल तर पहिल्या वर्षापासून सिलॅबस, तासांची नोंद, इंटर्नशिपची सर्टिफिकेटं फाइलला लावून ठेवा, मूल्यांकनाच्या वेळी हेच मागतात आणि तोवर कॉलेजचा क्लार्क बदललेला असतो.

आकडा वाईट आला तर

लगेच लाइन रद्द करायची गरज नाही. आधी कॉलेज बदलून बघा, सरकारी किंवा कमी फीचं, घरापासून जवळचं, कारण वरच्या हिशोबात फी आणि राहणं मिळून साडेनऊ लाख होते, म्हणजे कात्री लावायची जागा तीच. कॉलेज निवडताना बिल्डिंग बघू नका, त्याच्या स्वतःच्या किंवा जोडलेल्या हॉस्पिटलची ओपीडी सकाळी दहा वाजता जाऊन बघा, बाकावर पेशंट आहेत का आणि त्यांना हात लावणारे विद्यार्थी आहेत की नुसते उभे आहेत. रिकाम्या ओपीडीच्या कॉलेजमधून पास झालं तर पहिली दोन वर्षं कमी पगारावर शिकण्यात जातात, आणि तो खर्चही फीमध्येच मिळवायला पाहिजे.

मग स्कॉलरशिप, फी माफी, इंटर्नशिपचा स्टायपेंड, हे लेखी मिळतंय का बघा. फिजिओऐवजी ओटी किंवा स्पीचचे आकडे टाकून तेच टेबल परत मांडा, तुमच्या भागात त्यांचे थेरपिस्ट मोजकेच असतील तर चित्र बदलू शकतं. आणि ॲडमिशन घेताना ओरिजिनल मार्कशीट-टीसी कॉलेज किती दिवस ठेवून घेणार, मध्येच सोडलं तर उरलेल्या वर्षांची फी मागणार का, हे फॉर्मवर सही करायच्या आधी वाचा. वाचायला वेळ द्या म्हणून सांगितल्यावर जे घाई करतात, "सीट जाईल, आजच भरा" म्हणतात, तिथे चेक फाडायचा नाही.